खुलभर दूध कुणाचं?

‘मॅडम, आमच्या ग्रुपचं पीपीटी एकदम रेडी आहे!’

जानेवारी उजाडला की हे वाक्य मला कॉलेजच्या जिन्यात, स्टाफरूमच्या दारात, कधी कधी तर आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडतानासुद्धा ऐकू येतं. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे लेखनकौशल्याचा तास असतो. बातमी कशी लिहायची, अर्ज कसा करायचा, लोकांशी बोलून लेख कसा उभा करायचा, असं सगळं त्यात येतं. आणि सत्राच्या शेवटी असतं ते ग्रुप प्रेझेंटेशन. पाच-सहा जणांचा गट करायचा, विषय घ्यायचा, माहिती गोळा करायची, लेख लिहायचा आणि तो वर्गापुढे मांडायचा. वीस गुण.

ऐकायला किती छान वाटतं ना? मुलं एकत्र बसतील, एकमेकांना सांभाळून घेतील, एकट्याला जमत नाही ते पाच जणांना जमेल. मीही कितीतरी वर्षं असंच धरून चालले होते. मुलं पुढे आली, बोलली, टाळ्या झाल्या, मी गुण टाकले, की झालं! दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रेझेंटेशनने मात्र माझी झोप उडवली. आज तुम्हाला तेच सांगायचं आहे.

गटाचा विषय होता, ‘कापूस वेचणाऱ्या बाया’. आमच्या भागात दिवाळीच्या पुढेमागे शेतंच्या शेतं पांढरी होतात. त्यामुळे विषय ऐकून मला फार काही वाटलं नाही. गटात तीन मुलं, तीन मुली. बोलायला उभा राहिला तो गॅदरिंगचं सूत्रसंचालन करणारा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, खणखणीत आवाज, कुठे थांबायचं आणि कुठे हात हलवायचा हे त्याला बरोबर ठाऊक. आणि तो जे वाचत होता ते ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं.

बाया सकाळी डबा बांधून निघतात. कमरेला ओटी बांधतात, तीत कापूस भरत जातात. पहाटेच्या दवाने ओला झालेला कापूस मालकाला चालत नाही, म्हणून ऊन चढायची वाट बघायची आणि मग भरउन्हात दिवसभर वाकून राहायचं. बोंडाची वाळलेली टोकं नखाशेजारी टोचतात. संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढतात, तेव्हा सगळ्या बायांच्या नजरा काट्यावर. लिहितावाचता न येणारी बाईसुद्धा आपला हिशोब तोंडी पक्का ठेवते. लेखात एक वाक्य होतं, कापूस हातात घेतला तर पिसासारखा आणि डोक्यावर घेतला तर धोंड्यासारखा. वीस-बावीस वर्षं मी वर्गात ‘लेखात प्रत्यक्ष अनुभव आणा’ म्हणून घसा कोरडा करते आहे. इथे तो अनुभव आला होता!

मी खूश होऊन प्रश्न विचारला, ‘वेचणीची मजुरी किलोवर असते की रोजावर? आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच भाव असतो का?’

मुलगा अडखळला. त्याने मागे पाहिलं. मागे कॉम्प्युटरजवळ स्लाइड बदलायला एक मुलगी उभी होती. खांद्यावर ओढणी घट्ट पिन केलेली, नजर खाली. ती हळूच काहीतरी पुटपुटली. मुलाने ते मोठ्याने सांगितलं, ‘पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात मॅडम, किलोवर परवडतं. शेवटी शेवटी कापूस विरळ होतो, दिवसभर फिरूनही पदरात काही पडत नाही. म्हणून तेव्हा बाया भाव वाढवून मागतात, नाहीतर रोज ठरवतात.’ मी आणखी एक प्रश्न विचारला. पुन्हा तो मागे वळला, ती पुटपुटली, तो बोलला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

नाटकात विंगेत उभं राहून वाक्यं पुरवणारा असतो ना, तसं चाललं होतं. माझ्या डोळ्यांदेखत! आणि तरी मी काय केलं असेल? त्या मुलाला वीसपैकी अठरा दिले. बाकीच्यांना सरसकट चौदा. तिलाही चौदाच. का, तर ‘ती बोलली कुठे?’

रात्री घरी गटाची फाइल चाळत बसले होते. लेख छापील होता, पण सोबत कच्ची पानं जोडायची असं मी सांगितलं होतं. वहीची वीस-बावीस पानं. सगळी एकाच हातची! समासात पेन्सिलीने बायांची वाक्यं टिपलेली, तीही जशीच्या तशी अहिराणीत. एका पानावर भाजीचा डाग. स्वयंपाक करता करता लिहिलं असणार. अक्षर कुणाचं हे मी लगेच ओळखलं. कापसाचं ते वाक्यही तिथे होतं, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ‘हे सगळं तू एकटीने लिहिलंस?’

‘नाही मॅडम, सगळ्यांनी मिळून.’

‘अक्षर तर तुझंच दिसतंय. मग बोलायला का नाही उभी राहिलीस?’

ती बराच वेळ गप्प. मग अगदी हळू म्हणाली, ‘मागच्या वेळी बोलले होते ना, मॅडम.’

आणि मला ते आठवलं. पहिल्या सत्रात मी प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावलं होतं. तीही उभी राहिली होती. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मनी माय वावरमा जास...’ वर्ग फिस्सकन हसला. मीसुद्धा थोडी हसले आणि म्हणाले, ‘अगं, माझी आई शेतात जाते, असं म्हण.’ बस, एवढंच. मी दुपारपर्यंत ते विसरूनही गेले. ती विसरली नव्हती. वर्षभर तिने त्या वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

मी तिला रागावले नव्हते, ओरडले नव्हते. चांगल्या हेतूनेच सुधारणा केली होती. पण मैत्रिणींनो, एखादीचं तोंड बंद करायला ओरडावं लागतंच असं नाही. त्याला एक हसूही पुरतं.

त्या दिवशी घरी जाताना मला श्रावणातल्या सोमवारची कहाणी आठवत होती. खुलभर दुधाची. आपल्यापैकी बहुतेकींनी ती लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असं राजाच्या मनात येतं. तो दवंडी पिटतो. घरोघरचं सगळं दूध देवळात येतं, लेकरांना नाही, वासरांना नाही. तरी गाभारा भरत नाही. मग दुपारी एक म्हातारी येते. घरचं आवरून, लेकराबाळांना पाजून, वासरांचं बघून, उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो.

कहाणीचा अर्थ आपण नेहमी म्हातारीच्या भक्तीचा लावतो. मला त्या दिवशी कहाणीतली दुसरीच गोष्ट दिसली. गाभारा भरला, पण कुणामुळे भरला हे राजाला कळलंच नव्हतं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. शेवटी राजा स्वतः पाळतीवर बसला, तेव्हा म्हातारी दिसली. तो बसला नसता, तर? गाभारा भरतच राहिला असता आणि दवंडीचंच कौतुक होत राहिलं असतं.

आम्ही शिक्षक हेच करतो. गाभारा भरला का ते बघतो. पाळतीवर बसत नाही.

गटाने काम केलं की अंगचोरी आलीच, हे काही मी नव्याने सांगत नाही. ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली. मॅक्स रिंगेलमन नावाचा एक फ्रेंच शेतकी अभियंता होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून किती जोर लागतो ते मोजलं. १९१३ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. दोराला माणसं वाढत गेली, तसतसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला! पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच तपासलं. घोळक्यात माणूस कमी जोराने ओरडतो. मात्र आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की अंगचोरी कमी होते, हेही नंतरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे काय, राजा पाळतीवर बसलाय हे कळलं की सगळेच नीट दूध घालतात.

पण एवढ्यावर थांबले असते तर ‘मुलं आळशी, मुली गरीब बिचाऱ्या’ असा सोपा निकाल लागला असता. मी चौकशी केली तेव्हा चित्र वेगळंच निघालं.

गटातल्या एका मुलाने खरंच काही केलं नव्हतं. तो रात्री पेट्रोल पंपावर कामाला होता आणि सकाळी वर्गात डुलक्या घेत होता. त्याला आयतं खाणारा म्हणायला माझी जीभ धजेना. दुसऱ्याने झेरॉक्स आणि बाइंडिंगचे पैसे भरले होते. आणि तो बोलणारा मुलगा? त्याला आपण काही चुकीचं केलं असं वाटतच नव्हतं. ‘मॅडम, ती घाबरते, म्हणून मी बोललो. मदतच केली ना?’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग मी विचारलं, ‘गटाच्या बैठका कुठे घेतल्यात?’ तर म्हणे, स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, संध्याकाळी सहा-साडेसहाला. आता सांगा, आमच्या मुली साडेपाचच्या एस.टी.ने गावी जातात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, ते फार चांगलं झालं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून घरी पोचायची वेळ काही लांबली नाही! आणि बस नसती तरी चहाच्या टपरीवर मुलांबरोबर बसलेली मुलगी गावाने बघितली असती, तर दुसऱ्या दिवशी तिचं कॉलेजच बंद झालं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता, पण तिच्या घरी एकच चांगला फोन आणि तो भावाच्या खिशात.

तेव्हा कोण काय करणार हे टपरीवर ठरलं. बोलणं त्याच्या वाट्याला, झेरॉक्स याच्या, स्लाइडची सजावट तिसऱ्याच्या. जी तिथे नव्हती तिच्या वाट्याला घरी नेता येईल असं काम आलं, म्हणजे लिहिणं. कुणी कट केला नव्हता. फक्त ठरवण्याची जागा अशी होती की तिथे ती पोचूच शकत नव्हती.

हे ऐकून तुम्हाला काही ओळखीचं वाटलं का? मला वाटलं. आमच्या गल्लीतल्या बचत गटाचं इतिवृत्त जी बाई लिहिते, तिला बँकेत साहेबांपुढे बोलायला कुणी पाठवत नाही. लग्नाची याद्यांपासून अक्षतांपर्यंत तयारी एक जण करते आणि आभार मानताना माइक दुसऱ्याच्या हातात असतो. ग्रामपंचायतीचं बघा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बायकांना तेहेतीस टक्के जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या पन्नास टक्के केल्या. कितीतरी सरपंचबाई आज दणक्यात कारभार करतात. पण ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावा लागतो का? खुर्ची तिची, आवाज त्याचा. माझ्या वर्गात लेख तिचा आणि आवाज त्याचा होता. ही तालीम कॉलेजातच होत असेल, आणि तिला वीसपैकी अठरा गुण मीच देत असेन, तर पुढे सरपंचपतीला नावं ठेवण्याचा मला काय अधिकार?

सगळ्यात जास्त लाज वाटली ती बहिणाबाईंच्या आठवणीने. आमचं विद्यापीठ आधी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचायच्या आणि घरातली लिहिती मंडळी, मुलगा सोपानदेव वगैरे, ती टिपून घ्यायची. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं.

नीट बघा हं, सोपानदेव स्वतः कवी होते. लेखणी त्यांच्या हातात होती. पण पुस्तकावर नाव आईचं आलं. आणि बोली? ती ‘शुद्ध’ करून घ्यावी असं कुणाला वाटलं नाही, म्हणून तर ती गाणी आजही ताजी आहेत. त्याच बाईच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घ्यायला माझी विद्यार्थिनी येते, घरची बोली बोलते आणि आम्ही हसतो. बहिणाबाई स्वतः जर त्या वर्गात उभ्या राहिल्या असत्या, तर मी त्यांनाही ‘असं नाही, असं म्हणा’ म्हटलं असतं की काय? प्रमाण मराठी शिकवू नये असं मी म्हणत नाही. अर्ज, बातमी, स्पर्धा परीक्षा यांसाठी ती यायलाच हवी, तोच तर माझा विषय. पण नवी भाषा द्यायची म्हणजे आधीची हिसकावून घ्यायची असं थोडंच आहे?

‘मग मॅडम, ग्रुप प्रेझेंटेशन बंदच करा ना,’ असं एका सहकाऱ्यांनी सुचवलं. लेखन हे एकट्याने करायचं काम, त्यात गट कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. सहा जणांनी मिळून एक वाक्य लिहिता येत नाही. सहा जणांचे तुकडे जोडले की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतात, हे मी दरवर्षी बघते. तरीही मला गट हवा आहे. कारण त्या पोरीला एकटीला सोडलं असतं, तर तिचा लेख माझ्या टेबलावर आला असता आणि तपासून गठ्ठ्यात गेला असता. कापूस वेचणाऱ्या बाया वर्गाने ऐकल्याच नसत्या. पेट्रोल पंपावरच्या मुलाला तर कुणी विचारलंच नसतं. माणसांत बसून काम करणं, वाद घालणं, दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला देणं हेही शिकावं लागतं आणि ते घरी बसून येत नाही.

म्हणून गट ठेवला, फक्त पाळतीवर बसायला सुरुवात केली. काय काय बदललं, तेही सांगते. तुमच्यात कुणी शिक्षिका असतील तर उपयोग होईल.

पहिलं म्हणजे, गटाच्या बैठका कॉलेजच्या वेळेत, वर्गातच. आठवड्यातला एक तास मी त्यासाठी सोडला. टपरीवर ठरलेलं चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. दुसरं, आधी प्रत्येकाने स्वतःचं एक पान हाताने लिहायचं आणि मग गटाने जोडायचं. तिसरं, लेख आधी घरच्या भाषेत सांगायचा. अहिराणी असो, पावरी असो, भिली असो. लिहिताना प्रमाण मराठीत आणायचा, आणि लोकांची वाक्यं तशीच ठेवायची. चौथं, कोण बोलणार हे आधी ठरत नाही. सादरीकरणाच्या दिवशी चिठ्ठ्या टाकतो. जिची निघेल तिने उठायचं. आणि शेवटी सगळ्यांनी अर्धं पान लिहून द्यायचं, ‘मी काय केलं आणि दुसऱ्या कुणी काय केलं.’

या शेवटच्या पानांनी मला हसवलंही आणि शिकवलंही. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘मी काही केलं नाही. मी फक्त सर्वांना हो म्हटलं.’ एका मुलीने तीन जणांची कामं सविस्तर लिहिली आणि स्वतःबद्दल एक ओळ, ‘मी थोडी मदत केली.’ बाकीच्यांच्या पानांवरून कळलं की निम्मं काम तिचं होतं! आपल्या कामाला ‘थोडी मदत’ म्हणायची सवय आपल्याला किती लवकर लागते बघा.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. चिठ्ठ्यांच्या धाकाने पहिल्या वर्षी दोन मुली गैरहजर राहिल्या. एकीला बोलता बोलता रडू आलं. काही मुलांनी मोबाइलवरच्या एआयला सांगून आपलं ‘स्वतःचं पान’ लिहून घेतलं. गुळगुळीत, शुद्ध आणि अगदी बेचव. हे नवं आयतं बीळ आहे, नागोबा तेच. पण ते चटकन ओळखू येतं, कारण त्या पानावर कुणाचंही बोट सोललेलं नसतं. ‘हे तुला कुणी सांगितलं? ती बाई कुठे बसली होती?’ असं विचारलं की गाडी अडते.

आता त्या मुलीचं सांगते. तिचे गुण मी वाढवले. त्या मुलाचे कमी केले नाहीत. तो बोलला होता चांगलंच. मग वर्गात सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली, त्या हसण्याबद्दल. वर्ग चिडीचूप. ती इतकी अवघडली की मला वाटलं, हेही चुकलंच की काय. चारचौघांत माफी मागून मी पुन्हा तिलाच सगळ्यांच्या नजरेपुढे उभं केलं होतं. शिक्षकाचंही शिकणं असं अडखळतच होतं.

पुढच्या वर्षी तिने तोच लेख पुन्हा हातात घेतला. सुट्टीत घरी गेली तेव्हा ज्या बायांशी बोलली होती, त्यांना तो वाचून दाखवला. शेताच्या बांधावर, जेवणाच्या सुट्टीत. मला वाटलं, बायांनी तिला डोक्यावर घेतलं असेल. तिने येऊन जे सांगितलं ते वेगळंच होतं. बायांनी सगळं ऐकून घेतलं. मग एका वयस्क बाईने विचारलं, ‘हे सगळं आम्ही सांगितलं. यात आमची नावं कुठे आहेत?’

नव्हती. एकीचंही नाव नव्हतं. ‘एक बाई म्हणाली’, ‘दुसरी बाई म्हणाली’ असंच लिहिलेलं. कापसाचं ते वाक्य, पिसाचं आणि धोंड्याचं, तेही मुळात त्या वयस्क बाईचंच होतं! ‘मॅडम, माझं नाव घेतलं नाही म्हणून मी वर्षभर मनात रडत होते,’ ती म्हणाली, ‘आणि मी पण तेच केलं.’

मला त्यावर काही बोलता आलं नाही. चूक तिला शिकवणाऱ्या माझीही होती. ‘ज्याचं वाक्य त्याचं नाव, पण त्याला विचारून,’ हे लेखनाच्या तासाला मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तिने लेख पुन्हा लिहिला. ज्यांनी हो म्हटलं त्या बायांची नावं घातली. दोघींनी नको म्हटलं, मालकाचा धाक होता. त्यांची नाही घातली. तिसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे तिने तो वाचला. बायांची वाक्यं अहिराणीत, बाकीचं प्रमाण मराठीत. मागच्या एका बाकावरून हसण्याचा आवाज आला. ती थांबली, त्या बाकाकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. मग पुढे गेली. मी या वेळी काहीच केलं नाही. करायची गरजच नव्हती.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात शिकणारी मुलगी असेल तर निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ एवढंच विचारू नका. ‘तू काय लिहिलंस? ते वाचलं कुणी? तू बोललीस का?’ असंही विचारा. मुलगा असेल तर त्यालाही विचारा, ‘तू जे बोललास ते लिहिलं कुणी? तिचं नाव घेतलंस का?’ आणि तुमच्या बचत गटात, भिशीत, भजनी मंडळात जी कोपऱ्यात बसून वही भरते, तिला पुढच्या वेळी म्हणा, आज तू बोल. बोलताना ती अडखळली, घरचा शब्द तोंडून निघाला, तर हसू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी तिला विचारलं, ‘तुझं नाव घालू का गं?’ तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, ‘नको मॅडम. हा लेख तुमचा आहे. माझा मी लिहीन, तेव्हा माझं नाव मीच घालीन.’

म्हणून इथे तिचं नाव नाही.